दोरा बांधलेली कणसं

डिसेंबर लागला की खुलताबादच्या रस्त्याला हुरड्याचे फलक लागतात. झाडाला बांधलेलं कापड, त्यावर बाण, आणि बाणाच्या शेजारी एक छापील कणीस. गेली कित्येक वर्षं ते कणीस तेच आहे. गच्च भरलेलं, ताठ मानेचं, एकही दाणा उणा नसलेलं. शहरातल्या मुकुंदवाडीच्या घरातून गावाकडे जाताना मी स्कूटरवरून ते पाहतो आणि मला हसू येतं. हसता हसता कानशिलंही थोडी गरम होतात. असलं कणीस पाहून भुलणाऱ्यांपैकी मी एक आहे, आणि त्याचा पुरावा आमच्या वहिनींच्या शेतात आहे.

थंडी पडली की वहिनींचा फोन येतो. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. खुलताबादच्या पलीकडे डोंगर उतरला की आमचं गाव लागतं. तिथली शेती दादा आणि वहिनी बघतात. फोनवर त्यांचं बोलणं नेमकं असतं. "भाऊजी, हुरडा आलाय. या. पण हात खिशात घालून या." गेली तीन वर्षं शब्दन् शब्द हाच निरोप. यंदाही फोन आला. "भाऊजी, हुरडा आलाय. या." आणि फोन बंद. मी बराच वेळ फोनकडे बघत राहिलो. शेवटचं वाक्य विसरल्या की मुद्दाम गाळलं, हे काही कळेना.

हे नीट सांगायचं तर आधी माझ्याबद्दल सांगायला हवं. मी शहरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. वर्गीकरण हा माझा जीव की प्राण. सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. ही उतरंड फळ्यावर रचायला लागलो की माझा आवाज आपोआप चढतो. जगात इतका पसारा आहे, मुंगीपासून वडापर्यंत, आणि माणसाने प्रत्येकाला घर नेमून दिलंय, याचा मला खरोखर अभिमान वाटतो. घरातही माझ्या हातच्या चिठ्ठ्या प्रत्येक डब्यावर आहेत. बायको म्हणते, "साखर आणि मीठ मला चिठ्ठीशिवायही ओळखू येतं." मी ऐकत नाही. ज्याला नाव नाही ते हरवतं, असं माझं मत होतं.

आमच्या प्रयोगशाळेत वाळवलेल्या वनस्पतींचं एक कपाट आहे. जुन्या कागदावर दाबून चिकटवलेली एकेक वनस्पती, खाली नाव, कुल, गोळा केल्याचं ठिकाण. ज्वारीचाही एक कागद आहे. कपाट उघडलं की डांबराच्या गोळ्यांचा वास येतो आणि ती पिवळी पडलेली ज्वारी समोर येते. कितीदा तरी मी ती वर्गात फिरवून म्हणालो असेन, "ही ज्वारी." जगातल्या साऱ्या ज्वाऱ्यांच्या वतीने ती एकटी तिथं उभी. तिच्या बांधावरची, तिच्या शेजारची दुसरी ताटं कशी होती, हे कुणी विचारत नाही. मीही कधी विचारलं नाही.

त्याच वर्गात दरवर्षी एक तास मी असा घेतो की पोरांना एकमेकांचे कान बघायला लावतो. कुणाची पाळी गालाला चिकटलेली, कुणाची सुटी लोंबणारी. मग जीभ काढायला लावतो. कुणाला ती पन्हाळीसारखी वळवता येते, कुणाला जन्मात जमत नाही. साठ पोरं जीभ बाहेर काढून बसलेली असतात आणि बाहेरून जाणारे प्राचार्य खिडकीत थबकतात. हा तास मला आवडतो. पण खरं सांगायचं तर तो मी विरंगुळा म्हणून घेत होतो. जातीचं नाव ही मुख्य गोष्ट, आणि एकाच जातीतले फरक म्हणजे किरकोळ गंमत, अशी माझी समजूत होती. कान पाहून झाले की पोरं हसत घरी जायची आणि मी पुन्हा उतरंडीकडे वळायचो.

वहिनींचं उलट. त्यांना दोन सारख्या वस्तू दिसतच नाहीत. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा मी नववीत होतो. शाळा त्यांनी सहावीनंतर सोडलेली. आमच्या खुराड्यात चार पांढऱ्या कोंबड्या होत्या. मला त्या चारही एकच कोंबडी चार वेळा काढल्यासारख्या वाटायच्या. आठवडाभरात वहिनी सांगायला लागल्या, ही भित्री, ही अंडं लपवती, हिला संध्याकाळी दिसत नाय. अंगणात मी पाठ करत बसायचो, पृष्ठवंशीय, अपृष्ठवंशीय, आणि त्या चुलीपाशी बसून म्हणायच्या, "भाऊजी, एवढी नावं कशाला? जवळ जाऊन बघा की." मला तेव्हा त्यांची कीव यायची. शिकलेल्या माणसाला न शिकलेल्याची येते तशी. आता ते आठवलं की ती कीव माझी मलाच येते.

त्यांच्या माहेराहून त्या हुरड्याच्या ज्वारीचं बी घेऊन आल्या होत्या. ओटीतल्या तांदळात नाही, वेगळ्या फडक्यात, गाठ मारून. त्यांच्या आईने दिलेलं. हुरड्यासाठी नावाजलेल्या गूळभेंडीसारखीच ज्वारी, पण तीच नव्हे. दाणा चोळताच कोंडा सुटतो, आणि चव अशी की गूळ घ्यायला हात जातो आणि अर्ध्यातून परत येतो. विहिरीजवळच्या तुकड्यात दरवर्षी आठ-दहा ओळी त्या ज्वारीच्या असायच्या. दादा बाकीच्या रानात कापूस करो, मका करो, आलं करो, त्या ओळींना हात लावायची त्याची हिंमत नव्हती. पुढे वहिनींच्या भावांनी सगळं शेत आल्याला दिलं. आई गेली. माहेरी त्या ज्वारीचं एक ताटही उरलं नाही. म्हणजे त्या चवीचा सगळा वंश आता आमच्या विहिरीपाशी, आणि एका मडक्यात राख आणि लिंबाचा पाला घालून ठेवलेल्या बियाण्यात.

हुरड्याच्या ज्वारीची एक अडचण आहे. ती पिकण्याआधीच खाऊन संपते. कोवळी, दुधातून चिकाकडे चाललेली कणसं आपण आगटीत भाजतो, चोळतो, खातो. बियाण्यासाठी काही कणसं शेवटपर्यंत उभी ठेवावी लागतात, आणि ती कोणती हे हुरडा सुरू व्हायच्या आधीच ठरवावं लागतं. वहिनी एक दिवस सकाळी जुन्या लुगड्याच्या लाल काठाच्या चिंध्या घेऊन एकट्याच ओळींत शिरायच्या. तासन् तास. निवडलेल्या कणसाखाली दांड्याला चिंधी बांधायची. तिला त्या दोराच म्हणत. दोरा बांधलेल्याला हात लावायचा नाही, हा घरचा दंडक. तो दंडक घरातल्या सगळ्यांना ठाऊक होता. मी सोडून. कारण शाळेच्या वयात मी पुस्तक सोडून शेतात फिरकलो नाही, आणि पुढे हुरडा खायला जायचो तेव्हा माझ्यासमोर चोळलेला, गरम, ताटलीतला हुरडा यायचा. कणीस तोडायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती.

ती वेळ पाच वर्षांपूर्वी आली. त्या वर्षी पाऊस विचित्र पडला होता. परतीच्या पावसाने पेरणी दडपली, उगवलेलं कोवळं पीक पिवळं पडून गेलं, आणि वहिनींनी मडक्यातलं उरलंसुरलं बी काढून दुसऱ्यांदा पेरलं. मडकं रिकामं झालं. मला हे माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की थंडी सुरेख पडलीय आणि महाविद्यालयातल्या मंडळींना मी वर्षभर आमच्या हुरड्याच्या बढाया ऐकवल्यात. एका रविवारी आम्ही सात-आठ जण निघालो. दौलताबादचा किल्ला डावीकडे मागे पडला, घाट चढला, खुलताबादच्या वेशीबाहेर चहा झाला. भौतिकशास्त्राचे शेख सर माझ्या मागे स्कूटरवर बसले होते आणि थंडीने कुडकुडत म्हणत होते, "यार, इतनी तारीफ की है, अब फीका निकला तो देख लेना."

शेतात दादाने आगटी पेटवलेली होती. खड्ड्यात गोवऱ्यांचा विस्तव, वर राखेचा पातळ थर. वहिनी घरी भाकऱ्या थापत होत्या. एवढ्या माणसांच्या भाकऱ्या म्हणजे त्यांची सकाळ त्यातच गेली होती. दादा कणसं तोडायला उठला तर मी त्याला बसवलं. म्हटलं, "तू विस्तव सांभाळ. कणसं आम्ही आणतो. जीवशास्त्राचा माणूस आहे मी."

ओळींत शिरलो आणि मला लाल दोरे दिसले. एका क्षणात माझ्या डोक्यात सगळं जुळलं. आम्हीही असंच करतो. सहलीला गेलो की गोळा करायच्या नमुन्याला आधी खूण बांधतो, मग तोडतो. वहिनींनी पाहुण्यांसाठी आधीच निवड करून ठेवली म्हणायची. किती विचारी बाई.

शेख सरांनी एक दोरा बोटाने चाचपला. "ये धागा कायको बांध्या रे?"

"उत्तम नमुना," मी म्हणालो. "खुणेचीच तोडा. बाकीची राहू द्या."

मला माझा तो आवाज अजून ऐकू येतो. फळ्यासमोरचा.

हुरडा अप्रतिम झाला. शेख सर डोळे मिटून खात होते. "मख्खन है," एवढंच म्हणत होते. शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ, भरीत, सगळं बाजूला राहिलं आणि नुसता हुरडा संपत गेला. मी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होतो आणि माझी छाती फुगत होती. मग बांधावरून डोक्यावर टोपली घेतलेल्या वहिनी येताना दिसल्या. त्यांनी टोपली उतरवली, हसून सगळ्यांना या-बसा केलं, आणि त्यांची नजर आगटीशेजारच्या ढिगाकडे गेली. चोळून टाकलेली भुंडी कणसं. दांड्यांना लाल दोरे तसेच.

त्यांनी भाकऱ्या वाढल्या. भरीत वाढलं. शेख सरांना आग्रह केला, "घ्या ना सर, लाजू नगा." दादा माझ्याकडे बघायचं टाळत होता, तो खाली मान घालून विस्तव उकरत होता. त्याने ढीग आधीच पाहिला होता आणि पाहुण्यांसमोर लाजेखातर गप्प बसला होता. मला काहीतरी चुकलंय एवढं समजलं, काय ते समजलं नाही.

मंडळी विहीर बघायला गेली तेव्हा वहिनी खाली बसल्या आणि एकेका दांड्याचा दोरा सोडायला लागल्या. काही दोरे राखेत पडून कोपऱ्यात जळाले होते. ते त्यांनी पदराला पुसले. मी जवळ गेलो.

"वहिनी, काय झालं?"

"बियाची व्हती ती, भाऊजी."

"मग दुसरी ठेवू की. एवढी ओळ उभी आहे. मडक्यातही असेल ना."

"मडकं कोरडं हाय. दुबार पेरलं नव्हं का. बाकीची हुरड्यापुरतीच भरल्यात, पिकून बी धरायची नायत." मग हातातल्या दोऱ्याची राख झटकत म्हणाल्या, "आईचं बी व्हतं. लई वर्सं सांभाळलं. मन खट्टू झालं, दुसरं काय नाय."

त्यांनी रागावायला हवं होतं. मला चार शब्द ऐकवले असते तर मी ते ऐकून मोकळा झालो असतो. त्या नुसत्या दोरे गोळा करत राहिल्या आणि मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. वीस-बावीस वर्षं मी पोरांना सांगत आलोय की बीज म्हणजे पुढची पिढी. आणि पुढची पिढी मी दह्याबरोबर खाल्ली होती, वर पाहुण्यांनाही वाढली होती.

मी पुन्हा ओळींत शिरलो, काहीतरी करायचं म्हणून. आणि मला आत, कडेच्या ओळींत, आणखी लाल दोरे दिसले. एक, दोन... सहा. ही कणसं आम्ही का तोडली नाहीत, ते पाहताच कळलं. ती कुणी तोडलीच नसती. एकाची मान पार खाली वाकलेली. एक माझ्या कमरेएवढ्या बुटक्या ताटावर. एक अजून अर्धवट भरलेलं. एकावर कुसळं उभी. मला वाटलं, वहिनींची नजर चुकली असेल. त्यांना हाक मारली.

"ही वाईट कणसं आहेत. यांना दोरा कशाला बांधला?"

वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी नववीत आहे आणि त्या नुकत्याच लग्न होऊन आल्यात.

"वाईट कोण म्हणलं? ह्याची मान वाकडी हाय, म्हणून पाऊस आला तर पाणी आत ऱ्हात नाय. दाणा काळा पडत नाय. हे बुटकं, वाऱ्यात लोळत नाय. ह्याला कुसळ हाय, पाखरू चोच घालत नाय. हे उशिराचं. समदी एकदम निसवली, कणसं भाईर पडली आन् त्याच दिशी आभाळ आलं, तर समदी जात्यात. हे मागं ऱ्हातं." पाचव्याला त्यांनी नुसता हात लावला. "ह्याला पाणी कमी पडलं तरी तोंड सुकवत नाय."

"आणि हे?" मी सहाव्याकडे बोट केलं. ना मोठं, ना छोटं, ना वाकडं, ना ताठ. कुणाच्याही लक्षात न राहणारं कणीस.

वहिनी त्याच्याकडे बघत राहिल्या. "ह्याचं म्हाईत नाय मला. पण आसंल त्याच्यात कायतरी. एक असंबी ठेवावं."

मी पदव्युत्तर पदवी घेतली तेव्हा विविधतेवर पानंच्या पानं लिहिली होती. एकाच आईबापाची लेकरं वेगळी का होतात, बीजात गुणांची वाटणी कशी होते, परिस्थिती बदलली की त्यातला कोण तगतो, सगळं पाठ होतं. पण त्या ओळीत उभा असताना मला पहिल्यांदा कळलं की माझ्या पुस्तकातलं प्रकरण ही बाई दर थंडीत हाताने लिहीत होती. आणि सहावं कणीस तर माझ्या पुस्तकातही नव्हतं. जे आपल्याला कळत नाही तेही सांभाळायचं, असं मला कुणी शिकवलं नव्हतं.

"मोठी मोठी गेली," वहिनी म्हणाल्या, "पण त्यांचं बी ह्यांच्यात थोडंफार आसंलच. एका वावरात वाढलेली हायेत." बघू, असं म्हणून त्यांनी पदर खोचला. मला मात्र त्या सहा काड्यांवर सगळं अडकलंय हे दिसत होतं. पाखरांचा एक थवा उतरला असता तर संपलं होतं.

तो हंगाम मी आयुष्यात विसरणार नाही. दर रविवारी, आणि जमलं तर मधल्या वारीही, मी शेतावर. छावणीच्या आठवडी बाजारातून मच्छरदाणीचं कापड आणलं, त्याच्या पिशव्या शिवून घेतल्या आणि सहा कणसांना घातल्या. प्रत्येक पिशवीला चिठ्ठी, एक ते सहा. वहिनी ते बघून इतक्या हसल्या की त्यांना बांधावर बसावं लागलं. "टोपडी घातली बघा लेकरांना." चिठ्ठ्यांचे आकडे त्यांनी एकदाही वापरले नाहीत. वाकडं, बुटकं, केसाळ, आळशी, कोरडं आणि सहावं म्हणजे 'ते आपलं'.

दुसऱ्या रविवारी माझ्या मागे शेख सर येऊन बसले. "मैं भी खाया हूँ, मैं भी रखवाली करूँगा," म्हणाले. रिकामा डबा आणि काठी घेऊन ते बांधावर बसायचे आणि पाखरं आली की बडवायचे. भौतिकशास्त्राच्या माणसाला आवाजाची दिशा कशी असते ते समजतं, असं त्यांचं म्हणणं. पाखरांना ते पटलेलं दिसलं नाही, पण उडून जायची. दुपारी वहिनी ज्वारीची भाकरी आणि लसणाची चटणी आणायच्या. उन्हात पाठ शेकत, कडेला पडलेल्या लालसर मातीत पाय सोडून आम्ही तिघं-चौघं बसायचो. पौषातलं ऊन, पाटाच्या पाण्याचा वास, दूर डोंगरावर दिसणारे पांढरे घुमट, आणि समोर सहा टोपडी. इतकं लक्ष मी माझ्या पोरांच्या बोर्डाच्या परीक्षेलाही दिलं नव्हतं, आणि बायकोने हे मला तोंडावर सुनावलं.

पिकलं. होळीच्या सुमारास वहिनींनी ती सहा कणसं विळ्याने कापली, वेगवेगळी झोडली आणि मग सगळे दाणे एका सुपात एकत्र केले. मी कळवळलो. म्हटलं, निदान सहा पुड्या तरी वेगळ्या करू. "कशाला? वावरात वेगळं उभं ऱ्हात्यात का?" दोन ओंजळी बी झालं. राख, लिंबाचा पाला, मडकं.

पुढच्या वर्षी त्या दोन ओंजळी पेरल्या, आणि घरात कुणालाही हुरडा मिळाला नाही. एकही दाणा नाही. दादाने शेजारच्या वावरातून कणसं आणून खाल्ली आणि तोंड वाकडं केलं. निसवायच्या दिवसांत मी ओळीओळीने फिरलो. मला भीती होती की सगळी वाकडी-बुटकी उगवतील. तसं झालं नाही. बुटकी होती, वाकडी होती, पण त्यांच्यात उंच ताटंही होती. फलकावरच्या चित्रासारखी ताठ, गच्च कणसंही होती. आदल्या वर्षी आम्ही खाल्लेली मोठी कणसं वाऱ्यावरून आपला वाटा आधीच देऊन गेली होती, आणि थोडं त्या सहांच्या पोटातच होतं. मी ते वहिनींना परागकणांच्या भाषेत समजावून सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "मी तेच म्हणलं व्हतं."

त्याच वर्षी कणसं भरत असताना दोन दिवस अवकाळी पाऊस लागला. आजूबाजूची विकतच्या बियाण्याची ज्वारी, एका उंचीची, एका वयाची, एकाच दिवशी आडवी झाली आणि काळी पडली. वहिनींच्या ओळींतलीही काही लोळली. पण काही उभी राहिली. वाकड्या मानेच्यांनी पाणी झटकलं, उशिराच्यांनी अजून दाणाच धरला नव्हता. घरात बियाण्याचं मडकं भरलं. त्या दिवशी मी शहरात येऊन स्टाफरूममध्ये पेढे वाटले आणि कारण विचारल्यावर "आमच्या वहिनी पास झाल्या" असं सांगितलं. शेख सरांनी दोन पेढे घेतले, एक रखवालीचा म्हणून.

दोन वर्षांनी मी वहिनींना वर्गात घेऊन गेलो. येत नव्हत्या. डोक्यावरून पदर घेऊन, कणसांचं गाठोडं मांडीवर धरून त्या स्कूटरवर माझ्या मागे बसल्या आणि महाविद्यालयाच्या फाटकाशी म्हणाल्या, "भाऊजी, लोक काय म्हणतील?" मी टेबलावर चाळीसेक कणसं पसरली आणि पोरांना सांगितलं, वर्गीकरण करा. त्यांनी दहा मिनिटांत दोन ढीग केले. चांगली आणि वाईट. मग वहिनींनी हळूच विचारलं, "ह्यातलं बी कोणतं ठेवाल?" साठ बोटं एका ढिगाकडे गेली. वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. एका मुलीने वहीत लिहायला पेन काढून विचारलं, "काकू, याचं नाव काय?" वहिनी म्हणाल्या, "नाव सरांना विचारा, त्यांना लांबलचक येतं. मला ह्याचा स्वभाव म्हाईत हाय." आणि वाकडं कणीस उचलून त्यांनी शिकवायला सुरुवात केली. मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. माझ्या तासाला असं कधी झालेलं नाही, हे मी मोकळ्या मनाने लिहून ठेवतो. ही माझी वहिनी, असं साठ पोरांना ओरडून सांगावंसं वाटत होतं.

वर्गीकरणावरचं माझं प्रेम कमी झालेलं नाही. नावं लागतातच. नाव नसतं तर त्या मुलीला प्रश्नही विचारता आला नसता. पण आता कपाटातली ती वाळकी ज्वारी दाखवताना मी शेजारी वहिनींची पाच-सहा कणसं ठेवतो. सारखेपणा कशात आहे ते कागदावर बघा, आणि वेगळेपण कशाला हवं ते इथं बघा, म्हणून सांगतो. हजेरी घेतानाही हल्ली नाव उच्चारलं की मान वर करून चेहरा बघतो. वेळ लागतो. पण मागच्या बाकावर कुणाच्याही लक्षात न राहणारं एक पोर असतंच, आणि त्याच्याकडे मी जरा जास्त वेळ बघतो.

तर यंदाचा फोन. मी रविवारी सकाळीच पोचलो. सवयीने हात खिशात घातले होते, म्हणजे निदान हसतील. वहिनी विहिरीच्या कठड्यावर बसल्या होत्या. गुडघ्यांना पट्टे. दादा आगटीसाठी गोवऱ्या रचत होता. आगटी पेटायला अवकाश होता, हुरडा अजून कुणी तोडला नव्हता. त्यांनी माझ्या खिशांकडे पाहिलं आणि हसल्या नाहीत.

"काढा हात," म्हणाल्या. आणि पदराखालून लाल काठाच्या चिंध्यांची जुडी काढून माझ्यासमोर धरली. "मला आता ओळीतनं चालवत नाय. यंदा दोरा तुमी बांधा."

मी दादाकडे बघितलं. तो गोवऱ्या रचत राहिला.

मी ओळींत शिरलो. दव होतं, बाह्या ओल्या झाल्या. इतकी वर्षं प्रश्नपत्रिका काढल्या, आज परीक्षेला मीच बसलो होतो. पहिला दोरा नकळत एका ताठ, गच्च कणसाकडे गेला. तो बांधला; तेही हवंच. मग सावकाश झालो. बुटकं शोधलं. वाकड्या मानेचं शोधलं. उशिराचं, कुसळाचं. पाण्याच्या पाटापासून सगळ्यात लांब असूनही पानं हिरवी ठेवलेलं एक सापडलं, तेव्हा मी एकटाच हसलो. एकेका कणसाशी इतका वेळ उभा राहिलो की ऊन डोक्यावर आलं. शेवटी हातात एक दोरा उरला. समोर एक कणीस होतं. ना मोठं, ना छोटं. त्यात काय आहे ते मी बराच वेळ शोधलं. काही सापडलं नाही. मी त्याला दोरा बांधला.

परत आलो तेव्हा वहिनी उठल्या होत्या. काठी टेकत, मी नको नको म्हणत असताना ओळींत आल्याच. एकेक दोरा बघत पुढे सरकत होत्या. मी मागे चालत होतो. शेवटच्या कणसापाशी त्या थांबल्या.

"हे का?"

"माहीत नाही, वहिनी."

त्या कणसाकडे बघत राहिल्या. मग काठी माझ्या हातात दिली, वाकल्या, दोऱ्याला बोट लावून पाहिलं.

"सैल बांधलाय," म्हणाल्या, आणि गाठ स्वतःच्या हाताने घट्ट ओढली.